हलत्या सहीची लेखनसीमा

जुन्या दफ्तरातील एखादे मोडी पत्र ज्यांनी प्रत्यक्ष हाती घेऊन पाहिले असेल, त्यांच्या ध्यानी ही गोष्ट खचित आली असेल की, पत्राच्या शिरोभागी जशी मोठी मुद्रा असे तशीच, मजकूर जेथे संपला तेथे, शेवटच्या अक्षराला अगदी खेटून, एक लहानशी मुद्रा उमटविलेली असे. शिवछत्रपतींच्या पत्रांवरील या दुसऱ्या मुद्रेत मर्यादेचा उल्लेख आहे, आणि पुढे पेशवाईच्या अमदानीत अशा मुद्रांवर ‘लेखनसीमा’ हा शब्द आढळतो. मोर्तब झाले म्हणजे पत्र पुरे झाले, त्यापुढे कोणा कारकुनाने वा मध्यस्थाने पदरचे एक अक्षरही घालू नये, अशी ही तजवीज होती. आज आपण ‘सही’ म्हणतो तो शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘खरे, बरोबर’ असा आहे; ‘दस्तखत’ म्हणजे हाताचे अक्षर. पत्राखाली सही करणारा मनुष्य, लिहिले ते खरे आहे, माझ्या हातचे आहे आणि येथे संपले आहे, एवढी ग्वाही एका फटकाऱ्यात देत असतो.

या जुन्या शब्दांची आठवण होण्याचे कारण मात्र अगदी आजचे आहे. पत्रे आता पडद्यावर लिहिली व वाचली जातात, आणि त्यांच्या तळाशी नावाबरोबर बोटभर रुंदीची एक हलती चित्रपट्टी जोडण्याची हौस पुष्कळांना असते. एखाद्या व्हिडिओतून दोन-तीन सेकंदांचा तुकडा कापावयाचा, त्याचा आकार लहान करावयाचा, तो ‘जिफ’ या स्वरूपात साठवावयाचा आणि पत्रव्यवस्थेत सहीच्या जागी एकदा नेऊन ठेवावयाचा, की पुढे प्रत्येक पत्राखाली तो आपोआप उमटत राहतो. हा पोरखेळ आहे असे म्हणून तो बाजूला सारणारे सद्गृहस्थ मला भेटले आहेत. मला तो तसा वाटत नाही. हलती मुद्रा ही गोष्ट महाराष्ट्राला परकी नाही. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन होऊन १९३३ मध्ये पुण्यास आलेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांचा आरंभ तुतारी फुंकणाऱ्या एका स्त्रीच्या चित्राने होत असे, आणि ती काही क्षणांची आकृती पडद्यावर येताच, पुढे पाहावयाचे ते कोणाच्या हातचे आहे याची प्रेक्षकाला खातरजमा होई. ती मुद्रा कंपनीने स्वतःसाठी स्वतः घडविली होती. आणि तुतारी एकदा वाजली की ती चित्रपटाला वाट करून देऊन निघून जात असे. तीच तुतारी पुढचे दोन तास पडद्याच्या कोपऱ्यात वाजत राहिली असती, तर ‘संत तुकारामा’तील एक अभंग तरी कोणास निवांत ऐकता आला असता काय?

गेल्या वर्षी माझ्या भाच्याचे एक पत्र आले. माझ्या बहिणीच्या सासूबाई, म्हणजे त्याची आजी, निवर्तल्या, त्याचे सविस्तर वृत्त त्याने मला कळविले होते. आजीच्या अखेरच्या चार दिवसांची हकीकत त्या मुलाने इतक्या संयमाने लिहिली होती, तिने कोणाकोणाची नावे घेतली, पाणी कोणाच्या हातून घेतले, हे असे एकेक करून नोंदले होते, की ते वाचताना मला त्याच्या वयाचा विसर पडला. आणि त्या मजकुराखाली, त्याच्या नावाशेजारी, एका गाजलेल्या चित्रपटाचा नायक काळा चष्मा डोळ्यांवर चढवून मान वळवीत होता. चष्मा चढला की क्षणात पुन्हा त्याच्या हातात येई आणि पुन्हा चढे. पत्र मी तीनदा वाचले आणि तीनही वेळा शेवटच्या ओळीपाशी आलो की डोळा अक्षरांवरून उठून त्या चष्म्याकडे जाई. मुलाचा यात काही अपराध नव्हता. दोन वर्षांपूर्वी हौसेने केलेली ती सही प्रत्येक पत्राला आपोआप लागत होती. मी फोनवर सांगितले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग म्हणाला, “मामा, खरं सांगतो, माझं तिकडे लक्षच गेलं नाही हो. रोज बघून बघून ती मला दिसेनाशीच झालीय.”

त्याच्या या बोलण्यातच साऱ्या प्रश्नाचे मूळ आहे. अखंड फिरणारी वस्तू तिच्या मालकाला दिसेनाशी होते. वाचणाऱ्याला मात्र ती प्रत्येक वेळी नव्याने दिसते, कारण दृष्टीच्या कडेला काही हलले की तिकडे वळण्याची डोळ्यांची प्रवृत्ती निसर्गानेच घडविली आहे आणि तिच्यापुढे मनाचा निश्चय फारसा टिकत नाही. म्हणून, हलती सही करावी, पण तिला थांबता आले पाहिजे, तिची एक लेखनसीमा असली पाहिजे, आणि ज्या हालचालीला थांबल्यानंतरही काही अर्थ उरतो अशीच हालचाल तिच्यासाठी निवडली पाहिजे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. भाच्याला मी तेव्हा एवढेच म्हणालो, “सही काढून टाकू नकोस. दिवाळीला ये, आपण दोघे मिळून नवी करू.”

ती आम्ही केली. दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत या लहानशा कामाविषयी माझ्या मनात जो आदर उत्पन्न झाला तो प्रांजळपणे सांगावा म्हणून हा लेख लिहीत आहे.

तुकडा कशाचा घ्यावयाचा हे ठरविण्यातच पहिली सकाळ गेली. वाईजवळच्या खेड्यात माझी आत्या राहते. तिचे वय ऐंशीच्या पुढे आहे, आणि आठवड्यातून एकदा घुसळखांबाशी बसून ती अद्याप स्वतःच्या हाताने ताक करते. रवीला गुंडाळलेल्या दोराचे एक टोक उजव्या हातात, दुसरे डाव्या हातात. उजवा मागे येतो तेव्हा डावा पुढे जातो, डावा मागे येतो तेव्हा उजवा पुढे. या हालचालीला आदि आणि अंत नाही, ती जेथून निघते तेथेच परत येते, आणि आवर्तनाच्या चित्राला याहून योग्य विषय मिळणे कठीण. चष्मा चढविण्याचे तसे नव्हे. त्या क्रियेला एक शेवट आहे. तो आला की पुन्हा आरंभाशी जाण्यासाठी चित्राला मधला काळ गिळून उडी घ्यावी लागते, आणि तीच उडी डोळ्याला खुपते. भाच्याने फोन हातात धरून चित्रण सुरू केले, तेव्हा मीच त्याला थांबविले व फोन समोरच्या कोनाड्यात तांब्याला टेकवून ठेवावयास लावला. हात किंचितही कापला तर भिंत, खांब, जमीन सारेच हलते. आणि जे स्थिर असावयास हवे तेच हलू लागले तर पाहणाऱ्याने पाहावयाचे काय? याला दुसरेही एक कारण होते, ते पुढे येईल.

चित्रण चाळीस सेकंदांचे झाले. त्यात दर सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे एकंदर १,२०० स्थिर चित्रे, आणि प्रत्येक चित्र १,९२० ठिपके रुंद व १,०८० ठिपके उंच, म्हणजे २० लाखांहून अधिक ठिपक्यांचे. सहीची पट्टी आम्ही ३०० रुंद व १०० उंच ठरविली होती. तिच्यात ठिपके मावतात अवघे ३०,०००. तेव्हा पहिला निर्णय, काय ठेवावयाचे आणि काय सोडावयाचे हा. पट्टी उंचीच्या तिप्पट रुंद. तिच्यात आत्याचा चेहरा घेतला तर हात सुटत होते आणि हात घेतले तर चेहरा जात होता. सारेच घेण्याचा प्रयत्न करून पाहिला, तेव्हा आत्या तांदळाच्या दाण्याएवढी झाली. भाचा चेहऱ्याच्या बाजूचा होता, मी हातांच्या. सहीचे फारसी नावच हातावरून पडले आहे, असे मी त्याला सांगितले. पण त्याला पटले ते वेगळ्या कारणाने. चेहऱ्यावर आत्याची हालचाल जवळजवळ नव्हतीच, ती डोळे मिटून काही पुटपुटत होती. आम्ही मूळ चित्रातून ९०० रुंद व ३०० उंच अशी हातांची पट्टी कापली आणि ती दोन्ही बाजूंनी एकतृतीयांश केली. म्हणजे नऊ ठिपक्यांचा मिळून एक ठिपका झाला.

दुसरा निर्णय काळाचा. जिफमध्ये प्रत्येक फ्रेम किती वेळ दिसावी हे सेकंदाच्या शतांश भागांत, पूर्णांकात लिहावे लागते. ३० फ्रेमांच्या गतीला दर फ्रेमेस सव्वातीनाहून किंचित अधिक शतांश येतात, आणि अपूर्णांकाची येथे सोय नाही. म्हणून दर तिसरी फ्रेम ठेवून मधल्या दोन काढून टाकल्या आणि प्रत्येकीस दहा शतांश दिले. गती मुळाबरहुकूम राहिली, फ्रेमा एकतृतीयांश झाल्या. मग चाळीस सेकंदांतून एकच आवर्तन निवडावयाचे. यात मात्र आमची फार परीक्षा झाली. हात जेथे पूर्ण मागे येतो तेथे तो क्षणभर थबकतो, तेव्हा सांधा तेथेच घालावा हे लौकर उमगले. पण हात जुळले तरी डेऱ्याच्या तोंडावरचा फेस जुळेना, कारण घुसळलेले ताक दोन वेळा एकसारखे नसते. म्हणून डेऱ्याचे तोंड पट्टीबाहेर घालवावे लागले. एका आवर्तनात पदर घसरला होता, एकात कोणाची तरी सावली भिंतीवरून गेली होती. अखेर जे आवर्तन मिळाले ते बारा फ्रेमांचे, म्हणजे सव्वा सेकंदाहून किंचित कमी. पहिली फ्रेम आणि शेवटची फ्रेम तंतोतंत एक ठेवली तर एकच चित्र दोनदा दिसून हात अडखळतो. शेवटची फ्रेम पहिलीच्या किंचित अलीकडची हवी, म्हणजे वर्तुळ बिनबोभाट मिटते. हे भाच्याने शोधून काढले, आणि त्या वेळचा त्याचा चेहरा पाहून, या कामाला मी व्यर्थ म्हणणार नाही असे मी मनाशी ठरविले.

रंगांचा निर्णय सर्वांत कठीण. फोनचा पडदा १ कोटी ६७ लाखांहून अधिक छटा दाखवू शकतो. जिफच्या एका चित्रात त्यांपैकी जास्तीत जास्त २५६ ठेवण्याची मुभा असते. हे बंधन १९८७ सालचे आहे. त्या वर्षी अमेरिकेतील कॉम्प्युसर्व्ह या कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या देखरेखीखाली हे स्वरूप तयार झाले, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून एक रंगीत चित्र पाठविणे हीच मोठी मजल होती. (२०१३ मध्ये जाहीर सन्मान स्वीकारताना विल्हाइट यांनी या नावाचा उच्चार ‘जिफ’ असाच आहे असे निक्षून कळविले; निर्मात्याचा शब्द प्रमाण मानून मीही तसेच लिहितो.) छटा कोणत्या ठेवावयाच्या हे संगणक आपल्या रीतीने ठरवितो. पॉल हेकबर्ट यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेली एक पद्धत अशी आहे की, चित्रातील साऱ्या रंगांची जणू एक पेटी मानून ती मधोमध छेदावयाची, प्रत्येक भाग पुन्हा मधोमध छेदावयाचा, आणि दर वेळी दोन्ही बाजूंस ठिपक्यांची संख्या समान राहील असे पाहावयाचे. शेवटी जेवढे कप्पे तेवढे रंग. पद्धत न्याय्य दिसते, आणि बहुतेक वेळा असतेही. पण तिच्या न्यायाला संख्येचा आधार आहे: ज्या रंगाने भिंतभर जागा व्यापली त्याला अनेक छटा मिळतात, आणि जो रंग पाच-सहा ठिपक्यांचाच आहे तो शेजाऱ्यात विरून जातो. आम्ही ३२ रंग ठेवले. चुन्याची भिंत, खांबाचे काळपट लाकूड, आत्याचे जांभळे लुगडे, हातांचा गव्हाळ वर्ण. सारे ठीक दिसले आणि आम्ही पुढे गेलो.

बत्तीस रंगांत भिंतीवरची उजेडाची उतरण मात्र पायऱ्यापायऱ्यांची दिसू लागली. त्यावरचा तोडगा या वृत्तपत्राच्या वाचकांना अगोदरच ठाऊक आहे, फक्त त्यांनी छापील छायाचित्राला भिंग लावून पाहावे: करडा म्हणून जो भाग दिसतो तेथे करडी शाई नसतेच, काळ्या शाईचे लहानमोठे ठिपके असतात आणि करडेपणा वाचकाच्या डोळ्यात तयार होतो. छापखान्यातले जुने लोक याला जाळीचा ब्लॉक म्हणत. संगणकावरही दोन रंगांचे ठिपके मिसळून तिसऱ्याचा भास करता येतो. रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग यांची १९७६ ची प्रसिद्ध रीत अशी की, एका ठिपक्याच्या रंगात जी चूक राहिली ती पुढच्या व खालच्या शेजाऱ्यांत वाटून द्यावयाची. स्थिर चित्रासाठी ही रीत उत्तम. पण हलत्या चित्रात प्रत्येक फ्रेमेत ही वाटणी वेगळी पडते आणि स्थिर भिंतीवर मुंग्या धावू लागतात. आम्ही ती पाहून टाकून दिली आणि ठराविक जाळीची साधी रीत घेतली, जिच्यात ठिपके आपली जागा सोडत नाहीत. भिंतीवर बारीक वीण दिसते, पण ती भिंत स्तब्ध उभी राहते.

या ठिकाणी मला दादासाहेब फाळके आठवले, आणि ते ओढूनताणून नव्हे. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी फाळके ब्लॉक तयार करण्याच्या व छपाईच्या धंद्यात होते, ठिपक्यांची ही विद्या त्यांच्या हातात होती. आणि १९१२ साली विलायतेहून कॅमेरा घेऊन परतल्यावर, भांडवल उभारण्यासाठी धनिकाला दाखवावयास त्यांनी जे चित्र तयार केले ते होते ‘अंकुराची वाढ’: कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या वाढीची, ठराविक अंतराने एकेक करून टिपलेली चित्रे, जी सलग चालविली की बी डोळ्यांदेखत उगवून वर येई. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा. एकेक फ्रेम मोजून, निवडून, शेजारी ठेवून काळ घडवावयाचा, हे काम आमच्याकडे चित्रपटाच्या जन्माआधीच सुरू झाले होते. कोणी तरुण आज तीन सेकंदांच्या तुकड्यावर एक दिवस खर्ची घालीत असेल, तर त्याचा तो दिवस या परंपरेच्या खाती जमा आहे असे मला मनापासून वाटते, आणि बोट दाबताच तयार चित्र हाती देणाऱ्या साधनांनी त्याच्यापासून हा दिवस हिरावून घेतला याचे मला दुःख आहे.

फाइलीचे वजन किती होईल याची धास्ती होती. बारा फ्रेमा, प्रत्येकी ३०,००० ठिपके, म्हणजे ३,६०,००० ठिपक्यांचा हिशेब. पण जिफमधील संक्षेपाची युक्ती आमच्या जुन्या कारकुनांना परिचित होती. एखाद्या महजरात वा सनदेत गावाचे नाव एकदा साग्र लिहिले की पुढे ‘मौजे मजकूर’ एवढ्यावर भागे, वर्ष एकदा सांगितले की ‘साल मजकूर’. अब्राहम लेम्पेल व जेकब झिव्ह यांनी १९७८ मध्ये मांडलेली आणि टेरी वेल्च यांनी १९८४ मध्ये सुधारलेली पद्धत हेच करते: ठिपक्यांची जी ओळ एकदा येऊन गेली तिला क्रमांक मिळतो, आणि ती पुन्हा आली की सारी ओळ न लिहिता तो क्रमांक लिहिला जातो. शिवाय आधीच्या फ्रेमेत जे होते तेच पुढच्या फ्रेमेत असेल, तर तो भाग पारदर्शक ठेवून मागचेच दिसू देता येते. फोन कोनाड्यात टेकवून ठेवण्याचे दुसरे कारण ते हे. भिंत न हलल्यामुळे ती एकदाच लिहावी लागली, आणि सारी सही शंभर किलोबाइटांच्या आत बसली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. १९८७ च्या मूळ स्वरूपात कालमानाची सोय नव्हती. १९८९ च्या सुधारलेल्या आवृत्तीत प्रत्येक चित्राला विलंब लिहिता येऊ लागला. आणि आवर्तनाची सोय १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी वेगळी जोडून घेतली. या जोडणीत एक संख्या लिहावयाची असते, किती वेळा फिरावे ही. दोन बाइटांची ती जागा, तिच्यात ६५,५३५ पर्यंत कोणताही अंक चालतो. आणि शून्य लिहिले तर त्याचा अर्थ ‘कधीही थांबू नये’ असा होतो. जगातील बहुतेक हलत्या चित्रांत त्या ठिकाणी शून्य आहे. ते कोणी विचारपूर्वक लिहिले असे नव्हे. साधन ते स्वतःच भरते आणि आपण पुढे जातो. माझी विनंती आहे की, सहीपुरते तरी हे शून्य खोडावे. आम्ही तीन फेऱ्यांची मर्यादा घातली: बारा फ्रेमा, तीन वेळा, मिळून साडेतीन सेकंदांच्या आसपास. पत्र उघडणाऱ्याने सही पाहावी, ओळखावी, आणि मजकुराकडे डोळा वळेपर्यंत ती शांत झालेली असावी. आणि ज्या अर्थी ती शेवटी स्थिर चित्र होऊन राहणार, त्या अर्थी शेवटची फ्रेम स्वतंत्र चित्र म्हणून पाहण्याजोगी हवी. पहिलीही हवी, कारण पत्रे वाचण्याची काही साधने जिफची पहिलीच फ्रेम दाखवून थांबतात.

हा आग्रह केवळ अभिरुचीचा नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने सर्वांना वापरता येतील अशी पाने कशी असावीत याचे जे निकष घालून दिले आहेत, त्यांत, आपोआप सुरू होणारी हालचाल पाच सेकंदांहून अधिक चालणार असेल तर ती थांबविण्याची सोय वाचणाऱ्याच्या हाती असावी, असे कलम आहे. आणि एका सेकंदात तीनहून अधिक वेळा लखलखणारे चित्र दाखवू नये असे दुसरे. या दुसऱ्या कलमामागील भय काल्पनिक नाही. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानात ‘पोकेमॉन’ मालिकेच्या एका भागात लाल-निळ्या प्रकाशाची झपाट्याने उघडझाप झाली आणि सहाशेंहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. ज्यांना अपस्माराचा त्रास आहे, ज्यांचे लक्ष सहज विचलित होते, ज्यांना अक्षरे सावकाश लावावी लागतात, अशा माणसांना आपण पत्र लिहितो तेव्हा त्यांची स्थिती आपल्याला ठाऊक असतेच असे नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे थांबविता न येणारी वस्तू ठेवण्याचा अधिकार मला नाही.

परक्याच्या चित्रफितीविषयी थोडक्यात सांगतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे राहतो. खासगी अभ्यास, समीक्षा अशा कामांसाठी त्याच कायद्याने सवलत दिली आहे. सही या सवलतीत बसते असे मला वाटत नाही. पण कायदा बाजूस ठेवला तरी, आपल्या नावाखाली दुसऱ्याने केलेला अभिनय लावावयाचा आणि त्याला आपली सही म्हणावयाचे, यात ‘सही’ या शब्दाच्या मूळ अर्थाशी तडजोड होते. प्रत्येकाच्या घरात कोणी तरी रोज दोर वळीत असते, भाकरी थापीत असते, सायकलचे पायडल मारीत असते. आणि प्रत्येकाच्या खिशात आता कॅमेरा आहे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा आत्याकडे गेलो आणि ती सही तिला दाखविली. तीन फेऱ्या झाल्या, हात मागे येऊन थांबले. तिने चष्मा पुसला आणि पुन्हा दाखव म्हणाली. भाच्याने पुन्हा दाखविली. मग तिने स्वतःचा उजवा हात पडद्याशेजारी आणून ठेवला आणि विचारले, “हात माझाच आहे रे, पण पाटली कुठं गेली?”

तिच्या मनगटात एक जुनी सोन्याची पाटली होती. आम्ही दोघांनी दोन दिवस ते हात फ्रेमेफ्रेमेने पाहिले होते आणि ती आमच्या ध्यानी आली नव्हती. “आईच्या दोन पाटल्या होत्या,” आत्या म्हणाली, “एक तुझ्या काकूला गेली, ही माझ्याकडं आली. चाळीस वर्षं झाली, हातातून काढलेली नाही.” भाच्याने मूळ चित्रण उघडून पाहिले. तेथे पाटली स्वच्छ दिसत होती. बत्तीस रंगांच्या वाटणीत मात्र तिचा पिवळा हातांच्या गव्हाळ वर्णात विरून गेला होता.

आत्याच्याच ओसरीवर बसून आम्ही ते दुरुस्त केले. भिंतीच्या दोन छटा एकमेकींच्या इतक्या जवळच्या होत्या की एक काढली तरी फरक दिसला नाही. त्या मोकळ्या झालेल्या जागी मूळ चित्रातून उचललेला पाटलीचा रंग भाच्याने आपल्या हाताने भरला आणि बाराही फ्रेमा पुन्हा तयार केल्या. बारांपैकी नऊ फ्रेमांत ती आता दिसते. सहा ठिपके आहेत. हात मागे येतो तेव्हा ते उजळतात, पुढे जातो तेव्हा दोराआड होतात, आणि तिसऱ्या फेरीच्या शेवटी, हात मागे येऊन थांबला की, उजळलेलेच राहतात.